जाळीचा झुला: तो आला कुठून, विणायचा कसा आणि ताणून का बांधायचा नाही

प्रश्न थोडक्यात असा: शेतात विहिरीजवळ दोन कडुनिंब आहेत, उन्हाळ्यात तिथे झोपायला जाळीचा झुला टांगायचा आहे. बाजारातून नायलॉनचा आणला, तर तासाभरात पाठ भरून येते आणि दोऱ्या अंगात रुततात. पारंपरिक विणलेला झुला वेगळा असतो का, तो मुळात कुठला, आणि आपल्याकडच्या सुतात घरी विणता येईल का?

वेगळा असतो आणि घरी विणताही येतो. पण पाठ भरून येण्याचं कारण बहुतेक वेळा झुल्यात नसतं, बांधण्यात असतं. आपल्या हाताला सवय बाजेची. बाज सैल पडली की पायथ्याकडच्या दोऱ्या ओढून ती ताठ करायची, हे लहानपणापासून पाहिलेलं. तोच हात झुल्याला लागतो आणि दोन झाडांमध्ये तो तारेसारखा ताणला जातो. मग खांदे दोन्ही बाजूंनी आवळले जातात, गुडघे उलटे ताणले जातात आणि कूस बदलली की माणूस खाली. झुल्याला झोळ लागतो. तो किती, याचं माप ठरलेलं आहे.

झुल्याची एका टोकाच्या कडीपासून दुसऱ्या टोकाच्या कडीपर्यंतची एकूण लांबी मोजा. टांगल्यावर दोन कड्यांमधलं सरळ अंतर त्या लांबीच्या पाच षष्ठांश असावं. झुला १२ फुटी असेल तर कड्यांमध्ये १० फूट. एवढ्या हिशोबाने मधला झोळ सव्वातीन फुटांच्या आसपास येतो. दर वेळी मोजायला नको म्हणून दोन्ही कड्यांना १० फुटांची, न ताणणारी ४-५ मिमीची मजबूत दोरी कायमची बांधून टाकावी. मग झाडं १२ फुटांवर असोत की १५, झोळ तोच राहतो. आत माणूस निजल्यावर ही दोरी दोन बोटांनी सहज वाकली पाहिजे. वाजवल्यावर टणत्कार करत असेल तर दोन्हीकडचा दोर सैल करा.

कडीपासून झाडापर्यंतचा दोर जमिनीशी साधारण ३० अंशांचा कोन करेल असा ठेवायचा, म्हणजे दोन फूट आडवं जाताना तो चौदा इंच वर चढला पाहिजे. बसायची उंची दीड फूट धरली तर १२ फुटांवरच्या झाडांना साडेपाच फुटांवर आणि १५ फुटांवरच्या झाडांना सव्वासहा फुटांवर बांधावं लागतं. नवं सूत वजनाने ओढलं जातं, म्हणून सुरुवातीला अर्धा फूट आणखी वर बांधायचं. पहिल्या आठवड्यात एक-दोनदा दोर पुन्हा वर घ्यावा लागतोच, त्यात विणीचा दोष नाही.

दुसरी गोष्ट निजण्याची. जाळीच्या झुल्यात लांबीच्या रेषेत निजायचं नसतं. तसं निजलं की शरीर केळीच्या आकाराचं होतं. डोकं एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला असं तिरपं व्हायचं. झोळ पुरेसा असेल आणि जाळी पाच फूट रुंद असेल तर पाठ जवळपास सपाट होते. बाजारातला नायलॉनचा स्वस्त झुला बहुधा तीन फूटच रुंद असतो. त्यात तिरपं व्हायला जागाच नाही, म्हणून तो कसाही बांधला तरी रात्रभर झोपण्याच्या कामाचा नाही.

आता ताणण्याचा धोका, कारण इथे माणसाचं हाड मोडू शकतं. ८० किलोचा माणूस झुल्यात असेल आणि दोराचा कोन ३० अंशांचा असेल तर प्रत्येक बाजूच्या दोरावर ८० किलोची ओढ येते. कोन १५ अंशांवर आला की तीच ओढ दीडशेच्या वर जाते, १० अंशांना २३०, आणि ५ अंशांना साडेचारशेच्याही पुढे. माणूस तोच, दोर तोच, फक्त बांधणी ताठ. धपकन बसलं तर यात आणखी भर. हूक उपसून येणं, दोर तुटणं, भिंत फुटणं हे सगळं इथून सुरू होतं.

यासाठीच झोपाळ्याचा अनुभव झुल्याला लावू नये. झोपाळा वरून टांगलेला असतो, त्याचं ओझं सरळ खाली जातं. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातल्या चित्रात झोक्यावर बसलेली इरंदती ही नागकन्या आहे, तिच्यापासून आपल्या ओसरीतल्या कड्यांच्या झोपाळ्यापर्यंत बेत एकच. झुला मात्र दोन्ही आधारांना आडवं ओढतो. कोन बरोबर असतानाही ८० किलोच्या माणसाची ही आडवी ओढ प्रत्येक बाजूला ७० किलोच्या जवळ असते. पांढऱ्या मातीच्या भिंतीत ठोकलेली खुंटी, साडेचार इंची विटांची आडभिंत, पत्र्याच्या शेडचा पातळ अँगल, यांतलं काहीही ही ओढ धरत नाही. सिमेंट-सळईचा कॉलम धरतो. माळवदाच्या घरात तुळई बारा-तेरा फुटी आणि वाळवी न लागलेली असेल तर दोन्ही टोकं एकाच तुळईला बांधावीत. आडवी ओढ तुळईच्या लांबीतच जिरते, भिंतीवर येत नाही.

झाडाचा घेर बांधायच्या उंचीवर किमान दोन फूट हवा. कडुनिंब, चिंच, आंबा, जुनी बाभूळ चालतात. शेवग्याला चुकूनही बांधू नका, त्याचं लाकूड ठिसूळ असतं. गुलमोहराच्या फांदीचाही भरवसा नाही. दोर थेट खोडाला बांधला की साल कापली जाते आणि दोरही घासतो. बाजेची दोन इंची नवार दुहेरी करून खोडाला वेढा द्यावा आणि तिच्या फासात दोर किंवा एस-हूक अडकवावा. दोर १० ते १२ मिमीचा घ्या. दोन वेढे आणि वर दोन अडक्या टाकून शेवटची सुरगाठ ठेवा. निरगाठ मारली तर वजनाने ती इतकी आवळते की संध्याकाळी सोडताना दोर कापायची पाळी येते.

झाडं नसतील आणि लोखंडी खांब रोवायचे असतील तर आधी रान बघा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. त्यात रोवलेला खांब पहिल्याच वर्षी आत कलतो आणि झोळ वाढून माणूस जमिनीला टेकतो. खाली मुरूम लागेपर्यंत, निदान तीन फूट, खणून काँक्रीट भरावं आणि खांब बाहेरच्या बाजूला किंचित कलता ठेवावा.

हा झुला मुळात अमेरिका खंडाच्या उष्ण भागातला: कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग. सूत, झाडाची साल, ताडाचा किंवा केकताडाचा (घायपाताचा) वाख म्हणजे तंतू, हे सगळं कुजणारं सामान असल्यामुळे नेमका किती जुना, हे सांगणारे अवशेष उरत नाहीत. लेखी नोंद सापडते ती १४९२ ची. बहामा बेटांवर उतरल्यानंतर १७ ऑक्टोबरच्या नोंदीत कोलंबसने तिथल्या लोकांच्या बिछान्यांचं वर्णन सुती जाळ्यांसारखे असं केलं आहे. १५०० मध्ये पोर्तुगीज ब्राझीलच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा त्या ताफ्यातला लेखनिक पेरो वाझ दे कामिन्या याने राजाला लिहिलेल्या पत्रातही घरातल्या खांबांना बांधलेल्या जाळ्या येतात. दमट जंगलात जमिनीवर झोपणं म्हणजे ओल, मुंग्या आणि सरपटणारे प्राणी. झुल्याने ते टळतं, खालून वारा लागतो आणि सकाळी गुंडाळून खांद्यावर टाकता येतो. रात्री गारवा वाढला तर जवळ लहानसा जाळ ठेवण्याचीही रीत होती.

युरोपियनांनी त्याचा सगळ्यात मोठा उपयोग जहाजावर केला. जहाज हेलकावत असताना फळीवर झोपलेला खलाशी लोळतो, टांगलेला लोळत नाही, कारण झुला आपला तोल आपण सांभाळतो. इंग्लंडच्या नौदलाने १५९७ मध्ये टांगते बिछाने मान्य केले. मोठ्या युद्धनौकांवर माणशी १४ इंच रुंदीची जागा ठरलेली असे. निम्मे लोक पाळीवर असल्यामुळे प्रत्यक्षात जवळपास दुप्पट मिळे. दिवसा हे झुले गच्च गुंडाळून जहाजाच्या कठड्यावरच्या जाळ्यांत रचत, म्हणजे बंदुकीच्या गोळ्या आणि लाकडाच्या ढलप्या त्यांत अडकत. ते झुले मात्र जाड कॅनव्हासचे, जाळीचे नव्हेत.

जाळीची खरी कसब टिकली ती मेक्सिकोच्या युकातान भागात. तिथे हा झुला कॅरिबियनकडून आला आणि माया लोकांनी तो इतका आपलासा केला की आजही पुष्कळ घरांत पलंगाऐवजी भिंतीत हूकच असतात. मेरिदा शहराजवळचं तिश्कोकोब हे गाव या कामासाठी प्रसिद्ध आहे. तिथली वीण बघण्यासारखी असते. उभ्या चौकटीच्या दोन खांबांभोवती सूत फिरवतात आणि लाकडी सुईने प्रत्येक फेरीचा धागा आधीच्या फेरीत अडकवत पुढे जातात. अंगाखाली येणाऱ्या जाळीत एकही गाठ नसते. त्यामुळे जाळी सगळ्या बाजूंना ताणते, शेकडो बारीक धाग्यांवर वजन वाटलं जातं आणि एकही धागा रुतत नाही. विकत घेणारा माणूस टोकाच्या दोऱ्यांच्या जोड्या मोजतो: ५० च्या आसपास असतील तर एकट्यापुरता, १०० असतील तर ऐसपैस, १५० असतील तर नवरा-बायकोसाठी. जाळी जितकी दाट आणि धागा जितका बारीक, तितका झुला चांगला. आपल्याकडे लोक जाड दोरी बघून मजबुती ठरवतात, इथे हिशोब नेमका उलटा आहे.

ब्राझीलच्या ईशान्य भागात पोर्तुगीज माग आले आणि जाळीच्या जागी जाड सुती कापड आलं. बाजूंना विणलेली झालर लावलेले ते झुले थंडीत जास्त उबदार. पाराइबा राज्यातलं साओ बेंतो गाव त्यासाठी ओळखलं जातं. दोन्ही टोकांना लाकडी दांडी घातलेला, चित्रात दिसतो तो सपाट झुला मात्र अमेरिकेतला, १८८९ मधला. साउथ कॅरोलायनातल्या जोशुआ जॉन वॉर्ड या नदीवरच्या बोटीच्या कप्तानाने तो बनवला. दिसायला सुरेख, पण दांडीमुळे माणसाचं वजन टांगायच्या रेषेच्या जवळ येतं आणि झुला सहज पालथा होतो. झोपायला घेऊ नये.

आता आपल्या सामानाकडे. ज्वारी-कापसाच्या रानात कडेने अंबाडी असते. तिच्या काड्या पाण्यात कुजवून, साल सोलून, धुऊन काढलेला वाख दोराला उत्तम. केकताडाचाही तसाच. पण हे दोन्ही अंगाला टोचतात. झाडाला बांधायचा दोर अंबाडीचा असावा, जाळी सुताचीच हवी. सुतळी स्वस्त असली तरी घामाने ओली होऊन लवकर कुजते आणि तिचे धागे कपड्यांना चिकटतात. नायलॉन तुटत नाही खरं, पण गुळगुळीत असल्यामुळे गाठ सरकते, उन्हात तापतं आणि दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊ लागतं. लेकराची झोळी जुन्या लुगड्याची चालते. मोठ्या माणसाच्या वजनाला विरलेलं कापड मधोमध फाटतं.

घरी पहिल्यांदा करणाऱ्याने माया पद्धतीची चौकट मांडू नये, मासे पकडायच्या जाळ्याची गाठ शिकावी. नाथसागराकाठी आणि गोदावरीकाठी भोई मंडळी जाळी दुरुस्त करतात ती याच गाठीने. ज्याला बैलाचं मुसकं किंवा शिंकं विणता येतं त्याचा हात एका दिवसात बसतो.

सामान: ३ मिमीची मऊ सुती दोरी ३५० मीटर (वजन दोन किलोच्या आत-बाहेर), दोन लोखंडी कड्या ३ इंची, जोड दिसणार नाही अशा वेल्ड केलेल्या, काठासाठी ६ मिमीची सुती दोरी ५ मीटर, जाळ्याची सुई (जिच्यावर दोरी गुंडाळून भरतात ती), आणि २ इंच रुंद, ६ इंच लांब, कडा घासून गुळगुळीत केलेली एक फळी. फळीच्या रुंदीवर जाळीचं घर, म्हणजे एकेका भोकाचं माप, ठरतं, म्हणून विणताना फळी बदलायची नाही.

एका आडव्या काठीवर ३० फासे टाकून सुरुवात करा. काठी खुंटीला टांगा. भरलेली सुई उजव्या हातात, फळी डाव्या हातात, फाशाच्या खालच्या टोकाला टेकवलेली. दोरी फळीच्या समोरून खाली नेऊन मागून वर आणा, फाशातून मागून पुढे काढा आणि फासा फळीच्या वरच्या कडेला टेकेपर्यंत खाली ओढा. तिथे डाव्या अंगठ्याने दाबून धरा. आता दोरीचा एक वळसा डावीकडे, वरच्या अंगाला टाका, सुई फाशाच्या दोन्ही धाग्यांमागून उजवीकडून डावीकडे न्या आणि त्या वळशातून बाहेर काढून आवळा. अंगठा गाठ पूर्ण बसेपर्यंत उचलायचा नाही. नवशिक्याचं सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच: अंगठा लवकर सुटतो, गाठ फाशाच्या खाली घसरते आणि फक्त दोरीवर बसते. ती दिसायला गाठच असते, पण वजन आलं की सरकते आणि एक घर मोठं, शेजारचं लहान होतं. प्रत्येक ओळ झाली की घरं बोटांनी रुंदीला ताणून बघा. सरकणारी गाठ लगेच सापडते, तेव्हाच सोडवा.

ओळ संपली की काम पालथं करून परत डावीकडून उजवीकडे. अशा ४८ ओळी. ताणून सरळ धरली तर जाळी आठ फूट भरते, उघडून पसरली की सुमारे सात फूट लांब आणि पाच फूट रुंद. प्रत्येक ओळीत ३० च घरं आहेत ना, हे मोजत चला. एक घर सुटलं की जाळी शंकूसारखी निमुळती होत जाते आणि दहा ओळींनंतर ते लक्षात येऊन उपयोग नसतो. दोरी संपली तर जोड काठाच्या घरात आणा, मधोमध नको. मधली गाठ पाठीला लागते.

मग हात, म्हणजे जाळीपासून कडीपर्यंतच्या दोऱ्या. फळकुटावर अडीच फुटांवर दोन खिळे ठोका. एका खिळ्यात कडी अडकवा आणि कडी, घर, पुन्हा कडी अशी दोरी फिरवत एकेक घर दुसऱ्या खिळ्याच्या रेषेत आणा. एका बाजूला ४५ मीटरच्या आसपास दोरी लागते. सगळ्या दोऱ्या अगदी सारख्या लांबीच्या हव्यात. एखादी बोटभर जरी तोकडी राहिली तर वाट्याबाहेरचं वजन तीच घेते, आधी ती तुटते, मग तिच्या शेजारची. सगळ्या झाल्या की कडीखाली चार बोटं जागेत दोरीचे घट्ट वेढे देऊन गळा बांधा.

शेवटी दोन्ही बाजूंच्या काठाच्या घरांतून ६ मिमीची दोरी ओवा आणि टोकांच्या हातांना बांधा. प्रत्येक बाजूला कामाची लांबी सात फूट. फार आखूड झाली तर झुला अंगावर बंद होतो, फार लांब राहिली तर काठ लोंबतो आणि कुशीवर वळताना माणूस बाहेर सरकतो. पहिल्यांदा झुला जमिनीपासून वीतभर उंच टांगा, खाली वाकळ घाला, हळूच बसा आणि काठाची दोरी बघून घट्ट-सैल करा. गाठी पहिले काही दिवस जाणवतात. मधोमध पातळ चादर टाकली की पुरे, जाड गादी टाकली तर खालून वारा लागायचा फायदाच गेला.

हा वारा मराठवाड्यात दोन्हीकडून समजून घ्यावा. मे महिन्यात बाजेपेक्षाही झुल्यात अंग कोरडं राहतं, कारण पाठीचा घाम साचत नाही, लगेच उडतो. मात्र दुपारी पारा ४२ च्या वर असतो तेव्हा तोच वारा अंगातलं पाणीही झपाट्याने नेतो. घाम दिसत नाही म्हणून तहान समजत नाही, उशाशी तांब्या हवाच. उलट डिसेंबरात परभणीकडे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा पांघरूण वरून कितीही घ्या, थंडी खालून लागते. वाकळ अंगाखाली घालायची.

तान्ह्या बाळाला किंवा लहान लेकराला जाळीच्या झुल्यात एकटं ठेवू नका. दोन इंची घरात हात-पाय अडकतात, मान अडकू शकते. लेकराला कापडाची झोळीच बरी, तीही नजरेसमोर.

मृग निघायच्या आत झुला घरात आला पाहिजे. सूत दोन-चार वेळा भिजून उन्हात वाळलं की आतून कुजतं आणि वरून काही दिसत नाही. धुताना दोन्हीकडचे हात आधी सुतळीने एकत्र बांधा, नाहीतर गुंता सोडवण्यात दिवस जाईल. साबणाच्या पाण्यात भिजवून खळबळून काढा, पिळू नका, मशीनमध्ये घालू नका, सावलीत टांगून वाळवा. ठेवताना गोणीत किंवा कोठीवर नको, उंदीर सूत कुरतडतात. दोन्ही कड्या एकत्र धरून उंच खुंटीला अडकवा.

एखादं घर तुटलं तर त्याच दिवशी सांधा. तुटक्या टोकांना एकमेकांशी निरगाठ मारू नका, ते घर लहान होऊन शेजारच्यांना ओढतं. तुटलेला धागा वरच्या आणि खालच्या गाठीपर्यंत काढून टाका, नवी दोरी फळीच्या मापाने घ्या, त्याच दोन जागी जाळ्याची गाठ मारा आणि टोकं दोन बोटं लांब ठेवून कापा. ३ मिमीच्या सुतात याहून आखूड टोक ठेवलं तर पहिल्या चार-पाच बसण्यांत गाठ उलगडते.